झाकण उचलायचं नाही

नेविल हेपवर्थ सकाळपासून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून खिडकीपर्यंत, मध्येच खिशातला फोन काढून बघायचा, परत ठेवायचा. त्याची बायको म्युरिएल पिठाचा डबा घेऊन इकडून तिकडे जायला बघत होती आणि हा दर वेळी नेमका तिच्या पायात येत होता.

"एका जागी बस की. चहा परत गार झाला तुझा."

"बसलोच आहे," नेविल चालता चालता म्हणाला.

"सारखं बघितलं म्हणून फोन वाजत नसतो."

"वाजतच नाही ना तो. तीच तर भानगड आहे. नुसता गुरगुरतो."

ते खरं होतं. मागच्या रविवारी चॅपेलमध्ये ऐन प्रार्थनेत त्या फोननं बँडबाजा सुरू केला, तेव्हा मागच्या बाकावरच्या कुणीतरी तो त्याच्या हातातून काढून घेतला, काहीतरी दाबलं आणि गप्प करून परत दिला. तेव्हापासून फोन आला की तो घर्र घर्र करत थरथरायचा, बस्स. पूर्ववत कसा करायचा ते नेविलला माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारायचं तर कमीपणा. जन्मभर दुमजली बस चालवलेल्या माणसानं तळहाताएवढ्या यंत्रापुढं हात टेकायचे म्हणजे काय.

फोन घेतला होता तो एकाच कामासाठी. जॅनीन, त्याची एकुलती एक लेक, जवळच्याच ऑसेट गावात राहायची आणि तिचे दिवस भरत आले होते. जावई गॅरेथ मोठा ट्रक चालवायचा. आज इथं, तर उद्या स्कॉटलंडात. "बाबा, गॅरेथ लांब असला तर मी तुम्हालाच फोन करणार. तुम्हीच मला दवाखान्यात न्यायचं," असं तिनं बजावून ठेवलं होतं. घरातला जुना फोन गेल्याच वर्षी काढून टाकलेला, कारण फोनवरून घराच्या खिडक्या विकणाऱ्यांखेरीज त्यावर कुणी बोलतच नव्हतं. म्युरिएलनं मोबाइल घ्यायला साफ नकार दिला होता. बाजारात गेलेल्या बाईला मागून कुणी हाक मारायची गरज नाही, असं तिचं म्हणणं. थोडक्यात, पहिल्या नातवंडाची सगळी भिस्त नेविलच्या शर्टाच्या खिशावर होती, आणि त्याचा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

"माझा चष्मा दिसला का रे कुठं?" म्युरिएलनं ब्रेडचा डबा उघडून आत डोकावून बघितलं.

"ब्रेडमध्ये कसा असेल?"

"बाकी सगळीकडे बघून झालं. बुधवारपासून शब्दकोडं तसंच पडलंय माझं."

"मी वाचून दाखवतो म्हटलं तर नको म्हणतेस."

"तू प्रश्न वाचतोस आणि उत्तरही सांगून मोकळा होतोस, म्हणून नको. जा, बागेत जा. तुझ्या त्या लाडक्याशी दोन शब्द बोलून ये."

लाडका म्हणजे रुबार्ब, गोडात शिजवतात ती आंबट देठांची भाजी. आता आमच्या रॉथवेलमध्ये रुबार्ब कोण लावत नाही? पण नेविलचा गड्डा त्याच्या आजोबांच्या हातचा. घरं बदलली, तसा गड्डाही पोत्यात गुंडाळून सोबत आला. थंडी त्याला चांगली चावली, की त्यावर मातीचा उंच रांजण पालथा घालायचा, भोवती पेंढा आणि घोड्याची लीद रचायची, आणि मग विसरून जायचं. आत मिट्ट अंधार. बिचारे देठ उजेड शोधत उंच उंच होत जातात आणि कोवळे, गुलाबी, तोंडात विरघळणारे निघतात. त्या रांजणाच्या डोक्यावर हात घालण्यापुरतं तोंड असतं आणि तोंडावर झाकण. मार्चमधला आयांचा रविवार, म्हणजे इकडचा मातृदिन, उजाडेपर्यंत ते झाकण उचलायचं नाही. उजेडाची तिरीप आत गेली की देठ हिरवे, राठ आणि आंबटढाण होतात, असं नेविलचे आजोबा सांगायचे. नेविल तर हे असं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, देवाच्या दहा आज्ञांनंतरची ही अकरावी आहे.

त्यात दोन वर्षांपूर्वी गॅरेथचं प्रकरण झालं. नेविल दुपारी बागेत गेला, तर झाकण तिरकं बसलेलं आणि नवा जावई शेजारी हात मागं बांधून उभा. नेविलनं त्याला स्वयंपाकघरात बसवून उलटतपासणीच घेतली. कधी उचललंस? किती वेळ? ऊन कुठल्या बाजूनं होतं? उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला? गॅरेथ बिचारा मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं." तेव्हापासून गल्लीत नेविल त्याला ‘झाकण्या’ म्हणायचा. रुबार्बवर पिठाचा गोड चुरा भाजून क्रंबल केलं की जावयाच्या बशीत कोपऱ्यातला करपलेला तुकडा पडायचा. म्युरिएल मात्र त्यावर मुकाट्यानं दुप्पट कस्टर्ड ओतायची. बाईमाणूस, जावयाला भुलते, एवढंच नेविल त्यावर म्हणायचा.

तर असा हा नेविल त्या शनिवारी रांजणाजवळ आला. दोन शब्द बोलला. "काय रे बाबा, बरं आहे ना?" रांजण काही बोलला नाही. नेविलनं फोन काढून बघितला. फोनही काही बोलला नाही. लेकीचं काय चाललंय कळत नाही, रुबार्बचं काय चाललंय कळत नाही, सगळंच झाकलेलं. माणसानं किती धीर धरावा? त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. म्युरिएल पाठमोरी होती. त्यानं कुंपणापलीकडे बघितलं. शेजारचा आर्नोल्ड सगडेन दिसत नव्हता. आणि नेविल हेपवर्थनं झाकण उचललं.

नुसतं बोटभर उचलायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण बोटभर फटीतून काही दिसेना. मग वीतभर उचललं. मग पुरतंच बाजूला ठेवलं आणि आत वाकला. वाकल्याबरोबर शर्टाच्या खिशातून फोन सटकला आणि अंधारात गडप झाला.

नेविलनं हात घातला. हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला. जन्मभर बसचं ते भलं मोठं चाक फिरवून दंड असे झालेले, ते आत जाणार कुठून? रांजणच उचलावा तर तो अर्धा लिदीत रुतलेला, आणि नेविलच्या कमरेचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. किटलीपेक्षा जड काही उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे दुसरा माणूस हवा. आणि दुसरा माणूस बोलवायचा, तर फोन आत गेला कसा, हे सांगायला हवं.

त्यानं झाकण घाईघाईनं बसवलं आणि घरात येऊन शेकोटीचा कोळशाचा चिमटा उचलला.

"शेकोटी पेटवतोयस?" म्युरिएलनं विचारलं. घरातली शेकोटी बंद होऊन जमाना झाला होता.

"गोगलगायी आहेत बागेत."

"मार्चमध्ये? आणि त्या चिमट्यानं धरणार?"

"मोठ्या आहेत."

म्युरिएलनं डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं; पण चष्म्याशिवाय तिला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून बचावला. बागेत जाऊन त्यानं चिमटा आत घातला. चिमटा आखूड पडला. मग तो पुन्हा घरात गेला आणि कपाटातून तारेचा हँगर काढून कोटाच्या आड लपवून आणला. तार सरळ केली, टोकाला आकडा केला आणि रांजणाच्या तोंडातून मासे धरायला बसल्यासारखा बसला.

"लेका, काय करतोयस?"

कुंपणावर आर्नोल्ड सगडेनचं डोकं उगवलं होतं. हा आर्नोल्ड म्हणजे जन्मभर रुबार्बच्या अंधाऱ्या शेडमध्ये, मेणबत्तीच्या उजेडात देठ उपटण्याचं काम केलेला माणूस. रुबार्बच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा, असं तो स्वतःच सांगायचा. नेविलनं हँगर पाठीमागं घेतला, झाकण झटकन तोंडावर टाकलं आणि त्यावर बसकण मारली.

"काही नाही. देखरेख."

"झाकणावर बसून?"

"वारा सुटलाय. उडेल."

झाकण चांगलं विटेच्या वजनाचं होतं आणि वाऱ्याचा पत्ता नव्हता. आर्नोल्ड पुढं काहीतरी म्हणणार, तेवढ्यात नेविलच्या खालून आवाज आला. घर्रर्र. घर्रर्र. घर्रर्र.

नेविल झाकणावर आणखी दाबून बसला. आर्नोल्डनं मात्र डोक्यावरची टोपी काढली.

"ऐकलंस?" तो कुजबुजला.

"मी नाही काही ऐकलं."

"बोलू नकोस. फुटतोय तो."

आता, वाढणारा रुबार्ब आवाज करतो, हे खोटं नाही. शेडमध्ये मुकाट उभं राहिलं तर कोंब फुटल्याचा टप्प, टप्प असा आवाज आम्ही सगळ्यांनीच ऐकलाय. पण हा आवाज तसला नव्हता. आर्नोल्ड या वयात कुंपण ओलांडून आला, गुडघ्यांवर बसला आणि त्यानं रांजणाला कान लावला. आवाज थांबला होता.

"माझा बाप सांगायचा," आर्नोल्ड म्हणाला, "की एखादा गड्डा असा असतो, तो वाढताना गुरगुरतो. मला वाटायचं म्हातारा थापा मारतोय. एनिड, अगं एनिड, बाहेर ये."

एनिड, त्याची बायको, बाहेर आली. एनिडला काही सांगणं आणि चॅपेलची घंटा वाजवणं यांत फारसा फरक नाही. बघता बघता हेपवर्थांच्या एवढ्याशा बागेत अर्धी गल्ली गोळा झाली. कुणी एप्रनवर, कुणी दाढीचा फेस पुसत. म्युरिएलही हात पुसत आली.

"काय झालं?"

"तुमचा रुबार्ब गुरगुरतोय," एनिड म्हणाली. "आर्नोल्डनं स्वतः ऐकलं."

"नेविल," म्युरिएल म्हणाली, "तू झाकणावर का बसलायस?"

"मला इथं बरं वाटतंय."

खरं तर त्याला अजिबात बरं वाटत नव्हतं. तो मनाची समजूत घालत होता, खिडक्या विकणारा असेल. शनिवारीच फोन करतात मेले. एकदा करून बघतात आणि सोडून देतात. ही मंडळी आता पांगतील, मग आर्नोल्डला एकट्याला बाजूला घेऊन काहीतरी गोगलगायींचं सांगू.

तेवढ्यात रांजण पुन्हा गुरगुरला. लोकांनी श्वास रोखले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वाह." आर्नोल्डनं दोन्ही हातांनी रांजण कवटाळला आणि डोळे मिटून घेतले. घर्रर्र संपलं आणि लगेच पुन्हा सुरू झालं. खिडक्या विकणारा असा लागोपाठ फोन करत नाही. असा फोन लेकच करते. गॅरेथ स्कॉटलंडात, जॅनीन घरात एकटी, आणि तिचा बाप तिच्या हाकेवर बूड टेकून बसलेला. तो ताडकन उठला.

"आर्नोल्ड, रांजण उचलू लाग."

"येडा झालास काय? अशी वाढ शंभर वर्षांत होत नाही. उजेड लागला तर बसेल तो गप्प."

"बसू दे. उचल."

"मी जिवंत असेपर्यंत नाही उचलू देणार," आर्नोल्डनं मिठी आणखी घट्ट केली.

"अरे आत जॅनीन आहे!"

एनिडनं म्युरिएलच्या खांद्यावर हात ठेवला. "सकाळपासून असंच चाललंय का गं त्याचं?" तिनं हळूच विचारलं.

"जॅनीन म्हणजे जॅनीनचा फोन," नेविल म्हणाला. "माझा फोन आहे आत. तो गुरगुरतोय."

आर्नोल्डनं डोळे उघडले. त्यानं रांजणाला लावलेला कान सावकाश काढला. टोपी परत डोक्यावर घातली.

"फोन आत गेला कसा?"

"वरून," नेविल म्हणाला.

"पण वर तर झाकण असतं."

"नव्हतं."

आर्नोल्ड मुकाट्यानं उठला, आणखी एक शेजारी पुढं झाला आणि दोघांनी मिळून रांजण उचलून बाजूला ठेवला. उघड्यावर आलेला रुबार्ब बघून सगळ्यांच्या तोंडून आवाज निघाला. हातभर उंच देठ, गुलाबी, चकचकीत, टोकाला पिवळीजर्द चुरगळलेली पानं. एकही हिरवा नाही, एकही राठ नाही. त्यांच्या बुडाशी लिदीत बसून फोन गुरगुरत होता. नेविल कमरेचं ऑपरेशन विसरून वाकला, दिसेल ते बटण दाबलं, आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असा गॅरेथचा आवाज आला.

"बाबा? आहात कुठं? मघापासून लावतोय मी."

"जॅनीन कुठाय? तू कुठायस? मी गाडी काढतो. तिला म्हणावं, घाबरू नकोस, आलोच."

"अहो, थांबा. मुलगी झाली. पहाटेच झाली. दोघी छान आहेत. मी काल संध्याकाळीच परत आलो होतो."

बागेत एकदम कालवा झाला. म्युरिएलनं एप्रन डोळ्यांना लावला. नेविल पेंढ्यात मटकन बसला.

"पहाटे? मग आम्हाला कळवलं का नाही कालच?"

"जॅनीन म्हणाली, बाबांना आधी सांगायचं नाही. रात्रभर दवाखान्याच्या दारात येरझाऱ्या घालतील आणि नर्सच्या पायात येतील." गॅरेथ हसला. "पण तुम्ही फोन का घेत नव्हता? आम्ही घाबरलो ना इकडं."

नेविलनं वर बघितलं. अर्धी गल्ली त्याच्याकडे बघत होती. फोनचा तो मोठा आवाज बंद कसा करायचा तेही त्याला येत नव्हतं. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

"फोन रांजणात पडला होता," तो म्हणाला.

"कधी उचललंत?" गॅरेथनं विचारलं.

"सकाळी."

"किती वेळ?"

"गॅरेथ..."

"ऊन कुठल्या बाजूनं होतं, बाबा?"

आर्नोल्ड पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. एनिडनं तर सरळ तोंडात रुमाल कोंबला. नेविलचा चेहरा समोरच्या देठांच्या रंगाचा झाला, पण आज त्याला राग येईना. नात झाली होती आणि अपराधही झाला होता. दोन्ही एकाच सकाळी पचवायचे म्हणजे जरा जडच जातं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

तेवढ्यात म्युरिएल पुढं आली. ती खाली वाकली, देठांच्या जुडग्यात हात घातला आणि आतून काहीतरी ओढून काढलं. त्याला चिकटलेला पेंढा झटकला, एप्रनला पुसलं आणि नाकावर चढवलं. बुधवारपासून हरवलेला चष्मा तो.

"हं," ती म्हणाली, "आता नात नीट दिसेल."

नेविल चष्म्याकडे बघत राहिला. मग रांजणाकडे. मग परत चष्म्याकडे.

"म्युरिएल. तू झाकण उचललंस?"

"दर वर्षीच उचलते," म्युरिएल शांतपणे म्हणाली. "तू रोज तासन् तास त्याच्याशी बोलत बसतोस. माझ्याशी बोलायला तुला शब्दकोडं लागतं. मला बघायचं होतं, असं काय आहे त्यात."

"दर वर्षी?" नेविलचा आवाज बारीक झाला. "दोन वर्षांपूर्वी पण?"

म्युरिएलनं चष्मा सारखा केला आणि फोनकडे बघितलं.

"गॅरेथ," नेविल म्हणाला, "त्या वेळी झाकण तू उचललं होतंस का?"

"मी कशाला उचलू? मला रुबार्ब आवडतच नाही. मी आपला नीट बसवत होतो ते."

"मग कबूल का केलंस?"

"तुम्ही विचारत होतात तेव्हा आई माझ्या मागं उभ्या होत्या. आणि मला वाटलं, नवीनच लग्न झालंय, एखादी चूक कबूल केलेली बरी दिसते." मग म्हणाला, "कस्टर्ड मात्र छान असतं."

नेविलनं दोन वर्षांच्या कस्टर्डचा मनातल्या मनात विचार केला आणि त्याला स्वतःची शरम वाटली. तो उठला, गुडघ्यांवरची लीद झटकली आणि देठ उपटायला लागला. रुबार्ब कापत नाहीत. बुडाशी धरून, पिळून, हलक्या हातानं ओढतात. आयांच्या रविवारासाठी राखलेले सगळे देठ त्यानं उपटले, पानं मोडून टाकली आणि जुडी म्युरिएलच्या हातात दिली. "क्रंबल कर," तो म्हणाला. "मधला तुकडा गॅरेथला. तो खाऊ दे नाहीतर न खाऊ दे."

दुपारी दोघं दवाखान्यात पोचले. वाटेत नेविलनं गाडी एवढी जोरात हाकली की म्युरिएलनं मांडीवरच्या क्रंबलच्या भांड्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. जॅनीन उशीला टेकून पडली होती, दमलेली पण खुशीत. बाळ शेजारच्या पाळण्यात होतं. पांढऱ्या शालीत असं गुंडाळलेलं की नाकाचा शेंडासुद्धा दिसत नव्हता. नेविल पाळण्यापाशी उभा राहिला. डोकं एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर. काही दिसेना.

"आत्ताच झोपलीये, बाबा," जॅनीन म्हणाली. "उठेल थोड्या वेळानं. तेव्हा घ्या."

"हो, हो. घाई काय आहे," नेविल म्हणाला.

तो खुर्चीवर बसला. उठला. खिडकीपर्यंत जाऊन आला. जॅनीन आणि म्युरिएल बोलण्यात गुंतल्या आहेत असं बघून तो पुन्हा पाळण्याशी आला, वाकला, आणि दोन बोटांनी शालीचं टोक हळूच उचललं. बोटभर. मग आणखी थोडं. आत मुठी मिटून, एवढासा गुलाबी चेहरा झोपला होता.

पाठीमागून गॅरेथ अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, उजेड लागेल हं."

नेविलनं मान वळवली नाही. टोकही सोडलं नाही.

"लागू दे," तो म्हणाला. "तूही ये. बघ."